माझ्यानंतर जेवणारी पोर

बायकोबरोबर मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधड्या पिळल्या. गणपती नुकतेच गेलेले, दोन दिवस कडक ऊन पडलं म्हणून तिनं घरातल्या सगळ्या गोधड्या भिजत घातल्या. भिजलेली गोधडी एकट्या माणसाच्यानं पिळवत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती फिरवते तसं बघून मीही फिरवायला गेलो, तर गोधडी नुसतीच गोल फिरायला लागली, पाणी काय निघेना.

"माझ्याकडं बघू नका हो. तुमचं तुम्ही फिरवा," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, अजून शिकवतेय."

"मग सोड ना शिकवायचं."

चार गोधड्या झाल्या. पाचवी बादलीतच राहिली, कारण तिची पाठ भरून आली. तरी मला वाढलं आणि म्हणाली, तुम्ही जेवा, मी जरा पडते, मग बसते. मी जेवलो.

ती कायम माझ्यानंतर जेवायची, माझ्याच ताटात. मी उठताना ताटात भात ठेवायचो, भाजी ठेवायचो, मग ती बसायची. माझ्या आईनं तसंच केलं, तिच्या आईनं तसंच केलं. आमची मुलगी डोंबिवलीहून आली की भांडायची, आई, वेगळं ताट घे गं, घरात ताटं कमी आहेत का? ही हसायची. आणि त्याच ताटात जेवायची.

तो रविवार होता. नात उंबऱ्यात बसून गृहपाठ करत होती. मी म्हटलं, आजीला उठव, ताट वाळतंय. पोर ताट घेऊनच आत गेली, आणि ताट घेऊनच बाहेर आली.

"आबा, आजी उठत नाहीय."

पुढचं काय सांगू. डॉक्टर म्हणाला झोपेतच गेली, त्रास झाला नाही. त्रास झाला नाही हे त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही.

नात माझ्या मुलाची. सून दुसरं लग्न करून गेली, त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. मुलगा प्यायचा. दोन वर्षांपूर्वी तो उल्हासनगरला खोली घेऊन राहायचा, तेव्हा एकदा पोरीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही. शेजाऱ्यांनी हेल्पलाइनला फोन केला. पोर तेव्हा नऊ वर्षांची. मग बाल कल्याण समितीपुढं आम्हाला बोलावलं आणि त्यांनी पोर आमच्या ताब्यात दिली. कागदावर पहिलं नाव बायकोचं, दुसरं माझं. तेव्हापासून एक ताई दोन-तीन महिन्यांनी घरी येऊन बघून जायच्या. त्या समितीच्या बाजूनं केस बघायच्या. तिशीच्या असतील, पाठीला सॅक, पायात चपला झिजलेल्या. त्या आल्या की बायकोच बोलायची. मी बाहेर कट्ट्यावर बसायचो. बायकांचं काम बायका बघतील, असं माझं होतं.

आता बोलायला मीच उरलेलो.

तेराव्याला कोणीतरी म्हणालं, आता घरात बाईमाणूस नाही, वयात येणारी पोर म्हाताऱ्याकडे ठेवतील का? उचलून बालगृहात टाकतील. कोण म्हणालं ते आठवत नाही, पण ते माझ्या डोक्यात घुसलं ते निघेना. शहाडला आमची चाळ दोन खोल्यांची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पण मला दम लागायचा, इतका मी त्या दिवसांत थकलेलो. काम काही नसताना थकलेलो. सकाळी उठायचं म्हटलं तरी नको वाटायचं. उठून करायचं काय? पण पोर नेतील हा विचार आला की उठून बसायचो.

तशात शाळेतून निरोप आला की पोर आठवड्यातले दोन-तीन दिवस येत नाही. तिची शाळा दुपारची, साडेबाराची. मी पोरीला विचारलं, का गं, कंटाळा येतो का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, काही नाही. मी पुढं विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती घरात असली की मला बरं वाटायचं.

मग ताईंचा फोन आला. शाळेनं त्यांनाही कळवलेलं. "काका, गुरुवारी येते. आजींचं कळलं, फार वाईट वाटलं. घाबरू नका, आपण बसून बोलू."

घाबरू नका म्हणतात तेव्हा माणूस घाबरतोच. मी चौथी शिकलेला, कारखान्यात कापड रंगवलं, तो बंद पडल्यावर ठाण्याला नौपाड्यात एका बिल्डिंगीला वॉचमन होतो. साहेब लोक बघायला येतात तेव्हा काय करायचं, एवढंच मला माहीत होतं. ज्या गोष्टीवर बोट ठेवणार ती आधीच झाकायची. ते म्हणणार घरात बाई नाही. तर आपण दाखवायचं, आहे बाई.

मी पोरीला बसवून सांगितलं, "ताई आल्या की चहा तू करायचास. भाकरी थापून दाखवायची. आजी करायची ते सगळं मी करते, असं बोलायचं. समजलं?"

"हो."

"आणि हसायचं जरा."

"हो," ती म्हणाली, आणि हसली नाही.

गुरुवारी ताई आल्या. बायकोच्या फोटोला नमस्कार केला, खाली चटईवर बसल्या. मी खुर्ची पुढं केली तर नको म्हणाल्या. मला वाटलेलं आधी शाळेवरून झाडतील. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "काका, मला आधी हे सांगा, घरात चांगलं काय चाललंय?"

मी म्हटलं, हा काय प्रश्न? माणूस मेलंय घरातलं. पण संधी आलेली, ती सोडतोय कशाला. मी सुरू केलं. म्हटलं, मॅडम, पोर बघा माझी. अकरा वर्षांची आहे, पण बाई आहे बाई. पाच वाजता उठते. पाणी भरते, भांडी घासते, भात-आमटी, भाकरी, सगळं तीच. माझे कपडे धुते. मला गोळ्या देते. आजी गेली हे घराला कळू दिलं नाही तिनं. चाळीतल्या बायका तोंडात बोटं घालतात.

ताई लिहीत होत्या. मला आवडलं, म्हटलं सगळं कागदावर चाललंय. पोरीनं चहा आणला. कप बशीसकट, आजी द्यायची तसा पदर धरल्यासारखा ओढणीला हात लावून.

"छान झालाय चहा," ताई तिला म्हणाल्या. मग मला विचारलं, "आणि ती जेवते कधी?"

"माझ्यानंतर," मी म्हटलं. छाती फुगवून म्हटलं, खोटं कशाला सांगू. "आजीसारखीच. माझं झालं की त्याच ताटात. मी कधी सांगितलं नाही तिला. स्वतःहून करते."

ताईंचं पेन थांबलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हिच्याशी जरा बाहेर बसून बोलू का? तिची हरकत नसेल तर."

दोघी बाहेर कट्ट्यावर बसल्या. आमच्या शेजारी एक म्हातारी राहते, कल्याणच्या बाजारात मासळी विकते. ती दारातूनच ओरडली, "बाय, पोरीला नेऊ नको गं! म्हातारा मरंल!" मला लाज वाटली. आतून मी बघत होतो. ताईंनी एका कागदावर तीन घरं काढून दिली आणि पोर त्यात चित्रं काढत होती. मला वाटलं, हे बरंय, सरकार चित्रं काढायचा पगार देतं.

अर्ध्या तासानं दोघी आत आल्या. ताई म्हणाल्या, "हिनं हे तुम्हाला दाखवायला परवानगी दिली आहे. हे चांगल्या गोष्टींचं घर, हे काळजीचं, हे मनातल्या इच्छेचं."

मी चष्मा लावला. काळजीच्या घरात मी माझा मुलगा शोधत होतो. बाटली असेल, कुलूप असेल. तसलं काही नव्हतं. एक ताट काढलेलं, त्यात अर्धा भात. बाजूला घड्याळ. खाली लिहिलेलं, आबा अर्धं जेवतात. मी बसले नाही तर तेवढंही नाही. आजी न जेवता झोपली होती.

मी तो कागद पुन्हा वाचला. मग पुन्हा.

सांगतो काय होत होतं ते. पोर अकरा वाजता ताट वाढायची. मला घास उतरायचा नाही. मी बसून राहायचो. ती समोर बसून राहायची. बारा वाजायचे, साडेबारा वाजायचे. मी कसेबसे चार घास खाऊन बाकीचं ताटात ठेवून उठायचो. हात सवयीनं ठेवत होता, बायकोसाठी. मला ते कळतसुद्धा नव्हतं. आणि पोर ते उरलेलं खायची. तिला वाटायचं आबा अर्धं टाकतात. ज्या दिवशी मला उशीर होई त्या दिवशी तिची शाळा जाई. न जेवता झोपलेलं माणूस उठत नाही, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. ती माझ्यावर पहारा देत होती. आणि मी ते चाळभर मिरवत होतो.

"मला का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही रडला असता," पोर म्हणाली.

मी ताईंना म्हटलं, "न्या मग तिला. काय लिहायचं ते लिहा. माझ्याच्यानं होत नाही." रागानं म्हटलं. राग कोणावर ते मला सांगता येणार नाही.

ताई म्हणाल्या, "काका, एक विचारते. शून्य म्हणजे तिला आजच इथून हलवायला हवं. दहा म्हणजे मी पुन्हा यायचीसुद्धा गरज नाही. तुम्ही कुठं म्हणाल?"

"एक."

"आणि तू?" त्यांनी पोरीला विचारलं.

पोरीनं बोटं मोजल्यासारखी केली. "पाच."

"पाच का? एक का नाही?"

पोर म्हणाली, "आबा माझी वेणी घालतात. ती दोन दिवस सुटत नाही." ताई हसल्या. मी कारखान्यात कापडाचे गठ्ठे बांधायचो, मला गाठ तशीच येते. "आणि शाळेला गेले की सोडायला येतात. गुडघे दुखले तरी येतात. आणि पप्पा आले तेव्हा दार उघडलं नाही."

ताई माझ्याकडं वळल्या. "हे काय? मला माहीत नाही हे."

मला ते सांगायचं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर पंधरा दिवसांनी मुलगा आला, झोकांड्या खात, माझी मुलगी द्या म्हणाला. मी वॉचमनची जुनी काठी घेऊन दारात उभा राहिलो. म्हटलं, शुद्धीत ये, चहा पाजीन. असा आलास तर उंबरा ओलांडू देणार नाही. त्यानं शिव्या दिल्या. सगळी चाळ बघत होती. पोटच्या पोराला आईच्या मागं महिन्याच्या आत दारातून हाकललं, ही काय सांगायची गोष्ट आहे?

"ही सांगायचीच गोष्ट आहे," ताई म्हणाल्या. "ते कसं जमलं तुम्हाला?"

"कसं म्हणजे? उभा राहिलो."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. उभा राहिलो. मी जे ऐटीत सांगितलं त्यावर त्यांचं पेन थांबलेलं, आणि ज्याची मला शरम वाटत होती ते त्या लिहून घेत होत्या. मला काही उलगडेना. पण त्या दिवशी त्यांनी पोर नेली नाही. म्हणाल्या, दोन आठवड्यांनी समितीपुढं जायचंय. त्याच्या आधी घरातली सगळी माणसं एकत्र बसू. पोर कुठं राहील, कशी राहील, ते तुम्ही ठरवा. तुमचं ठरलेलं मी समितीपुढं ठेवीन. ते पुरेसं वाटलं नाही तर तेही मी तिथं तुमच्यासमोरच बोलेन, मागून नाही.

"माझ्या मुलालाही बोलवायचं?"

"शुद्धीत आला तर. तुमचाच नियम आहे."

रविवारी सकाळी सगळे जमले. मुलगी डोंबिवलीहून आली, तिचा नवरा सुट्टी असून आला नाही. शेजारची म्हातारी आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण पोरीनं तिचं नाव सांगितलेलं. मुलगा सगळ्यात शेवटी आला, दाढी करून, हातात डझनभर केळी. तोंडाला वास नव्हता. मी बघितलं, सगळ्यांनीच बघितलं. तो दाराशीच बसला.

ताईंनी शाळेचं सांगितलं, ताटाचं सांगितलं, मी दार उघडलं नाही तेही सांगितलं, मुलाच्या तोंडावर. मग उठल्या. "आता मी बाहेर बसते. हा वेळ तुमचा. ठरलं की हाक मारा."

आणि खरंच नळापाशी जाऊन बसल्या. मी कित्येक साहेब बघितले, पण स्वतः उठून बाहेर बसणारा कोणी बघितला नव्हता. आम्हाला काय बोलायचं तेच सुचेना. ओरडणारं कोणी असतं तर आम्ही एक झालो असतो.

मुलगीच आधी बोलली. "मी नेते हिला. शिकवते, सवरते. बाबा, तुम्हाला स्वतःचा चहा करता येत नाही, तुम्ही काय पोर सांभाळणार?"

"तुझ्या सासूला विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारीन."

"म्हणजे नाही विचारलंस."

"मग काय बालगृहात टाकू? आईनं तुम्हाला पांगळं करून ठेवलं, बाबा. चमचा हातात दिला आयुष्यभर. आणि आता या चिमुरडीकडून तेच करून घेताय!"

मुलगा दारातून म्हणाला, "मी नेतो. मी सोडतोय आता."

"किती दिवस झाले?" बहिणीनं विचारलं.

"नऊ."

"नऊ दिवसांचा शहाणा आला!"

म्हातारी म्हणाली, "भांडू नका रे, ती बाय ऐकते भायेर." तेवढ्यात पोर उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती पाणी घेऊन आली, सगळ्यांना, ट्रेमध्ये. आत्याला दिलं, बापाला दिलं. आणि भिंतीला टेकून उभी राहिली, कोणाचा पेला रिकामा होतोय बघत.

ते बघून मी बोललो. भाषण नाही केलं. म्हटलं, "खाली बस आधी. तू बस." ती बसली. "मी जेवीन. तू माझ्यासाठी थांबायचं नाही. तू आधी जेवायचं, तुझ्या ताटात, आणि साडेबाराच्या आत शाळेत. मी जेवलो का ते बघायचं काम तुझं नाही."

"मग कोण बघणार?" तिनं विचारलं. अगदी हिशेबी विचारलं. तिला माझ्या शब्दावर भरवसा नव्हता, आणि का असावा?

म्हातारी म्हणाली, "मी बघीन. बाजारातून दुपारी एक वाजता येतंच की. टोप उघडून बघीन. जेवला नसंल तं मना हाक मारायची पण गरज नाय, मीच शिव्या देईन."

मुलगी रडायला लागली. रडतारडता म्हणाली, शनिवारी दुपारी नेईन आणि रविवारी संध्याकाळी आणून सोडीन, सासूला काय सांगायचं ते मी बघते. आणि तिला पाळी आली की मला फोन करायचा, बाबा, लाजत बसायचं नाही. मी मान हलवली. चाळीस वर्षांत मी तो शब्द घरात मोठ्यानं ऐकला नव्हता. भाकरीचं काय, मुलगा म्हणाला. मुलगी म्हणाली, भाकरी नको, बाबा भात लावायला शिकतील, मी आज शिकवून जाते. मुलानं विचारलं, मी काय करू? पोर म्हणाली, "पप्पा, तुम्ही रविवारी संध्याकाळी या. आत्या असते तेव्हा. केळी नको, मला आवडत नाहीत."

हाक मारली तशा ताई आत आल्या आणि आम्ही सांगू तसं लिहीत गेल्या. त्यांनी विचारलं, आबा आजारी पडले तर? एखाद्या रविवारी पप्पा पिऊन आले तर? आम्ही ज्याचा विचार केला नव्हता तेवढंच त्या विचारायच्या, उत्तर आमच्याकडूनच घ्यायच्या. पहिलं कलम माझं होतं. आजोबा रोज दोन वेळा जेवतील, नातीनं आठवण न करता. खाली मी सही केली. मुलानं केली. पोरीनं पण केली, पूर्ण नाव, वळणदार.

मुलगी संध्याकाळपर्यंत थांबली. तांदूळ किती, पाणी किती, बोटाचं पेर बुडेल इतकं. मी तीनदा भात लावला. पहिला करपला, दुसऱ्याची पेज झाली. तिसरा खाल्ला आम्ही.

समितीचं ऑफिस लांब, जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. आम्हाला तिथं दुपारपर्यंत बसावं लागलं. पोरीला त्यांनी एकटीला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. ती आत किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही. समोरच्या भिंतीवर मुलांची चित्रं लावलेली, मी ती बघत होतो आणि एकही दिसत नव्हतं. मग मला बोलावलं. टेबलामागं चार जण. मधल्या बाईंनी तो कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"आजोबा, यातलं पहिलं तुम्ही करताय का?"

"नऊ दिवस केलं," मी म्हटलं. "एक दिवस नाही केलं. तेव्हा शेजारणीनं शिव्या दिल्या."

ताई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ते खरं आहे, मी शेजारणीला विचारलं. आणि पोर तेव्हापासून रोज शाळेत गेलेली आहे. मग त्या हेही म्हणाल्या, की माझी काळजी अजून संपलेली नाही, काकांची तब्येत उतरलेली आहे आणि पोरीला आजीबद्दल बोलायला कोणी हवं. माझ्यासमोरच म्हणाल्या. वाईट वाटलं, पण बोललेल्या तशाच वागल्या.

पोर तीन महिने माझ्याकडं राहील, मग पुन्हा बघू, असं ठरलं. कागदावर आता पहिलं नाव माझं. मी आनंदानं उड्या मारल्या नाहीत. तीन महिने म्हणजे किती दिवस जेवायचं, असं मनात आलं. येताना पोर रिक्षात माझ्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, लहान पोरं झोपतात तशी. दोन महिन्यांत मी तिला दिवसाची झोपलेली बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. अंग ओढत उठलो, खोटं कशाला सांगू. बाहेर नळाला पाणी आलेलं, ते भरलं. मग भात लावला, बोट घालून पाणी मोजलं. तो शिजेपर्यंत ओट्याला धरून उभा राहिलो. भूक नव्हती. तोंडाला चव नव्हती. वर थोडं दही घेतलं, मीठ घेतलं, आणि उभ्यानंच खाल्लं. एकेक घास ढकलत. ताटात काही ठेवायचं नाही, असं हाताला सांगावं लागलं. शेवटच्या दोन घासांना फार वेळ लागला, पण ताट पुसून घेतलं.

पाच वाजून गेले तशी पोर दचकून उठली. आवाज ऐकून स्वयंपाकघरात आली, डोळे चोळत, वेणी एका बाजूला आलेली.

"आबा, तुम्ही जेवलात?"

"हो."

ती पुढं आली आणि तिनं ताट बघितलं. मग टोपावरचं झाकण उचलून किती भात कमी झालाय ते बघितलं. मी तिला बघू दिलं. तिनं झाकण परत ठेवलं आणि हात बाजूला सोडून उभी राहिली.

"मग मी काय करू?"

"झोप जा. सात वाजता उठवतो."

ती थोडा वेळ तिथंच उभी होती. मग गेली. मी ताट आणि टोप घेऊन बाहेर नळावर गेलो आणि घासायला बसलो.